ध्यानाला बसलं की मन भटकतं? तपासायला कुठून सुरुवात करायची

नवीन लोकांना ध्यानाला बसवायचं काम मी बरीच वर्षं करतेय आणि येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची तक्रार एकच असते, "बसलं की विचारच विचार येतात, ध्यान लागतच नाही." तक्रार एक असली तरी तिच्यामागची कारणं वेगवेगळी निघतात. कुणाची झोपच झालेली नसते, कुणी आपल्याला न झेपणाऱ्या गोष्टीवर लक्ष ठेवायला जातं, कुणाच्या डोक्यात खरंच एखादं मोठं प्रकरण चालू असतं, आणि सगळ्यांना सरसकट एकच उपाय सांगितला की बऱ्याच जणांना तो लागूच पडत नाही, मग ते बिचारे आपल्यातच काहीतरी कमी आहे असं धरून सोडून देतात. म्हणून आधी लक्षण नीट बघायचं आणि मग सोप्याकडून अवघडाकडे जात एकेक गोष्ट तपासायची.

आधी लक्षणं

खालच्यापैकी तुमचं कुठलं ते बघा. दोन-तीन एकत्र असू शकतात.

- बसल्या बसल्या कामांची यादी सुरू होते. हे करायचं राहिलं, त्याला फोन करायचाय, उद्याचं काय.
- श्वास एक ते दहा मोजायला घेतलेला असतो आणि भानावर येता तेव्हा तुम्ही तेवीस-चोवीसवर असता. मोजणं आपोआप चालू, लक्ष भलतीकडेच.
- एकच प्रसंग परत परत. कुणी काहीतरी बोललेलं असतं आणि मनात त्याला उत्तरं देणं चालू असतं, दर वेळी आधीपेक्षा धारदार.
- विचार असे धड नसतातच, तुकड्यातुकड्यात चित्रं दिसतात, मान हळूहळू खाली जाते, मधली काही मिनिटं कुठे गेली कळत नाही.
- अंगाला खाज, पायाला मुंग्या, किती वेळ झाला ते बघायची घाई.
- "मला जमत नाहीये, बाकीच्यांना जमतं" हाच विचार सतत.
- जुनं काहीतरी भीतीदायक वर येतं, छातीत धडधडतं, घाम फुटतो. हे असेल तर मधलं सगळं सोडा आणि थेट शेवटचा भाग वाचा.

एक नियम पहिल्यापासून पाळा, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि ती निदान आठवडाभर तशीच ठेवायची. एकाच दिवशी जागा, वेळ, पद्धत सगळं बदललं तर फरक कशाने पडला ते कळणारच नाही, आणि पडला नाही तर सगळंच फुकट वाटायला लागेल.

१. मुळात बिघाड आहे का?

ही तपासणी फुकट आहे आणि खूप जणांचा प्रॉब्लेम इथेच मिटतो. मन भटकणं हा मनाचा रोजचा कारभार आहे. २०१० मध्ये हार्वर्डच्या मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २२५० जणांना फोनवरून दिवसात अधूनमधून विचारलं, आत्ता काय करताय आणि मन त्यातच आहे का? जवळपास ४७ टक्के वेळा उत्तर आलं की मन दुसरीकडे आहे. हे ध्यानातलं नाही हां, कामं, गप्पा, प्रवास असं साधं रोजचं जगणं चालू असतानाचं. मग तेच मन डोळे मिटल्यावर लगेच गप्प बसेल अशी अपेक्षा का ठेवायची?

दुसरं एक काम मला फार महत्त्वाचं वाटतं. २०१२ मध्ये वेंडी हासेनकॅम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ध्यान करणाऱ्या लोकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये ठेवून सांगितलं, श्वासावर लक्ष ठेवा आणि मन भटकलेलं लक्षात आलं की बटण दाबा. त्यांनी या प्रक्रियेचे चार टप्पे धरले, मन भटकतं, ते भटकल्याचं कळतं, आपण लक्ष परत वळवतो, मग ते थोडा वेळ टिकतं. आणि परत पहिल्यापासून. लक्षात घ्या, त्या स्कॅनरमधली माणसं ध्यानाचा सराव असलेली होती आणि तरीही बटण दाबावं लागत होतं.

म्हणजे बैठकीत किती विचार आले हे मोजून काही कळत नाही. कळायला किती वेळ लागला आणि परत कसे आलात, एवढंच बघा. मी नवीन माणसाला एक सोपं काम देते, मन भटकलेलं कळलं की मांडीवरचं बोट फक्त उचलून परत टेकवायचं. एक मुलगी रडवेली होऊन म्हणाली, ताई, बोट नुसतं वरखालीच होत होतं, माझं ध्यान झालंच नाही. मी तिला म्हटलं, अगं, बोट जितक्या वेळा उचललंस तितक्या वेळा तुला स्वतःहून कळलं, कुणी सांगावं लागलं नाही. बोट एकदाही न हलवता अर्धा तास विचारात वाहून गेली असतीस तर मी काळजी केली असती. यावर तिचा चेहरा जो सैल झाला ना, त्यानंतर ती नीट बसायलाच लागली.

तर "मला जमत नाही" हे तुमचं मुख्य लक्षण असेल तर आठवडाभर फक्त हे बोटाचं करा, बाकी काही नको.

२. मोबाईल आणि टायमर

मोबाईल दुसऱ्या खोलीत. टायमर त्यातच लावायचा असेल तर फ्लाइट मोड करून पाठीमागे ठेवा, हात पोचेल असा नको. किती वेळ झाला असेल हा स्वतःच एक विचार आहे आणि तो दर दोन मिनिटांनी येतो, वेळेची जबाबदारी एकदा टायमरवर टाकली की तो आला तरी त्याला काही काम उरत नाही. घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर अर्धा कान दाराकडेच राहतो.

३. कागद आणि पेन

कामांची यादी सुरू होणाऱ्यांसाठी. बसायच्या आधी पाच मिनिटं डोक्यात जे जे चालूय ते कागदावर उतरवा आणि प्रत्येकासमोर लिहा की हे कधी आणि कसं करणार. नुसतं "बँक" लिहून भागत नाही, "उद्या अकरा वाजता बँकेत जाऊन फॉर्म देणार" असं लिहायचं. कारण असं की अर्धवट राहिलेलं काम मन सोडत नाही, सारखी आठवण करून देत राहतं. पण २०११ मध्ये मॅसिकॅम्पो आणि बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगातून दाखवलं की काम पूर्ण व्हायलाच हवं असं नाही, त्याचं नेमकं प्लॅनिंग झालं तरी ते मध्ये मध्ये डोकावायचं थांबतं. बसल्यावर एखादं नवीन काम आठवलंच तर उठून लिहायला जाऊ नका, एकदा सवय लागली की मन दर मिनिटाला काहीतरी "महत्त्वाचं" काढून देतं. खरंच महत्त्वाचं असेल तर ते उठल्यावरही आठवतं.

४. शरीर

पतंजलींच्या योगसूत्रात पहिल्या पादात, म्हणजे पहिल्या भागात, चित्ताच्या विक्षेपांची, म्हणजे मन विचलित करणाऱ्या अडथळ्यांची यादी आहे, व्याधी, आळस, संशय वगैरे नऊ, आणि त्याच्या लगेच पुढच्या सूत्रात विक्षेपासोबत काय काय येतं ते दिलंय, दुःख, मनाची खिन्नता, अंगाची चुळबुळ किंवा थरथर, आणि बिघडलेला श्वास. चारातल्या दोन गोष्टी सरळ शरीराच्या आहेत. मला तर तपासणीची दिशा म्हणून हे फार कामाचं वाटतं, मनाशी झटापट करण्याआधी अंग आणि श्वास बघून घ्या.

बैठक: गुडघे कमरेपेक्षा वर येत असतील तर पाठ गोल होणारच, मग दहा मिनिटांत दुखणार आणि दुखलं की मन तिथून पळणार. बुडाखाली घडी केलेलं ब्लँकेट घ्या किंवा सरळ खुर्चीवर बसा, पाय जमिनीला पूर्ण टेकवून. खुर्चीवर बसण्यात कमीपणा काही नाही, मांडी घालण्याचा हट्ट धरून गुडघे खराब करून घेतलेले लोक मी बघितलेत.

चेहरा: हे आत्ता वाचता वाचताच करून बघा. दात एकमेकांवर घट्ट आहेत का? जीभ टाळूला दाबून धरलीय का? मनात वाद चालू असतो तेव्हा जीभ आणि घसा अगदी बारीक हलत असतात, जणू ओठांपर्यंत आलेलं बोलणं आत अडवलंय, आणि मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळं इकडून तिकडे जात असतात. दात वेगळे करा, जीभ तोंडात सैल पडू द्या, डोळे खोबणीत मागे टेकल्यासारखे सोडा. विचार बंद होणार नाहीत पण त्यांचा आवाज कमी होतो. बडबड्या मनासाठी माझा हा पहिला उपाय असतो आणि तो लोकांना कधी कुणी सांगितलेलाच नसतो.

चहा-कॉफी: निरोगी माणसाच्या शरीरातलं निम्मं कॅफीन जायला साधारण पाच तास लागतात, काहींना बरेच जास्त. संध्याकाळी बसणारे असाल आणि अस्वस्थ वाटत असेल तर दुपारची कॉफी आठवडाभर बंद करून बघा. पोट गच्च भरलेलं असताना बसू नका, उपाशीपोटी पण नको.

श्वास: सुरुवातीला दोन-तीन मिनिटं सोडायचा श्वास घ्यायच्या श्वासापेक्षा थोडा लांबवा, ओढाताण न करता. श्वास आत घेताना हृदयाचा वेग किंचित वाढतो आणि सोडताना उतरतो, त्यामुळे लांब उच्छ्वासाने शरीर निवायला मदत होते. त्यानंतर श्वास त्याचा त्याचा चालू द्यायचा.

५. लक्ष कशावर ठेवलंय?

इथपर्यंत सगळं ठीक असेल तर आलंबन बघा, म्हणजे लक्ष टेकवायला घेतलेला विषय. नाकाच्या टोकावरचा श्वास हा बारीक विषय आहे, दिवसभर धावपळ करून आलेल्या मनाला तो सापडतच नाही आणि मग ते मोकळं सुटतं. अस्वस्थ असाल तर पोटाची हालचाल, तळपायाचा जमिनीला होणारा स्पर्श किंवा आजूबाजूचे आवाज असा ठळक विषय घ्या. तोही टिकत नसेल तर दहा-बारा पावलं सावकाश चाला, पाऊल उचललं, पुढे नेलं, टेकवलं एवढंच बघत, आणि मग बसा.

मोजणी हरवणाऱ्यांसाठी एक जुनी आणि पक्की सूचना आहे. पाचव्या शतकात बुद्धघोष या बौद्ध आचार्यांनी विशुद्धिमग्ग या आपल्या ध्यानावरच्या ग्रंथात लिहून ठेवलंय की श्वास मोजताना पाचाच्या आत थांबू नये आणि दहाच्या पुढे जाऊ नये. कारणही दिलंय, पाचाच्या आत थांबलं तर चित्त अरुंद गोठ्यात कोंडलेल्या गुरांसारखं बिथरतं, आणि दहाच्या पुढे गेलं तर ते श्वास सोडून आकड्यालाच धरून बसतं. ते तेवीस-चोवीस जे होतं ते अगदी हेच. प्रत्येक उच्छ्वासाच्या शेवटी एक आकडा, दहा झाले की परत एक, आणि मध्ये चुकलं की भांडण नाही, परत एकपासून. आकडा मनात मोठ्याने म्हणू नका, लक्षाचा मोठा वाटा श्वासाच्या स्पर्शावर हवा.

६. परत कसे येता?

विचार दिसला की त्याला ढकलता का? मग तो परत येणारच. १९८७ मध्ये मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी लोकांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही असं सांगितलं आणि आला तर घंटी वाजवायला लावली. घंट्या वाजतच राहिल्या. आणि नंतर त्यांना अस्वलाचा विचार करायची मोकळीक दिली तेव्हा, ज्यांना पहिल्यापासूनच मोकळीक होती त्यांच्यापेक्षा यांच्या मनात तो जास्त वेळा आला. दाबलेला विचार असा उसळतो.

म्हणून ढकलायच्या ऐवजी एका शब्दात नाव द्या. "योजना", "आठवण", "वाद", "काळजी". नाव देऊन एक पूर्ण श्वास सोडा, मग पुढच्या श्वासाबरोबर परत या. नाव देण्याचा फायदा असा की विचाराच्या आतून तुम्ही बाहेर येता आणि त्याच्याकडे बघता, पण गोष्टीत शिरत नाही. मी का भटकले, कुठून सुरू झालं असा माग काढत बसू नका, तो पण एक विचारच. आणि परत येताना स्वतःवर चिडलात तर मनाला परत येणं म्हणजे ओरडा खाणं असं वाटायला लागतं, मग ते कळायचंच टाळतं. हे मी इतक्यांदा बघितलंय की सांगितल्याशिवाय राहवत नाही, प्लीज स्वतःशी प्रेमाने वागा.

७. गुंगी येत असेल तर

याचे उपाय वेगळेच आहेत आणि अस्वस्थतेवरचे उपाय इथे उलटे पडतात, लांब उच्छ्वास आणि सैल शरीर यांनी झोप अजून येते. अंगुत्तर निकाय या बुद्धवचनांच्या जुन्या संग्रहात, बुद्धांचे शिष्य मोग्गल्लान ध्यानात डुलक्या घेत असताना बुद्धांनी त्यांना दिलेली यादी आहे आणि ती वाचून मला दर वेळी बरं वाटतं, कारण ती अगदी पायरीपायरीने जाते. आधी ज्या विषयावर झोप येतेय तो सोड, मग शिकलेलं आठव, मग ते मोठ्याने म्हण, तरी नाही गेली तर कान ओढ आणि हातपाय चोळ, मग उठून डोळ्यांना पाणी लाव आणि चहूकडे, चांदण्यांकडे बघ, मग उजेडाची कल्पना मनात धर, मग येरझाऱ्या घाल. एवढं करूनही जात नसेल तर? उजव्या कुशीवर नीट झोप, उठायची वेळ मनात ठरवून.

आजही यात बदलायचं काही नाही. डोळे अर्धे उघडे ठेवा, ताठ बसा, उभं राहून करा. आणि रोज गुंगी येत असेल तर आधी झोपेचे तास मोजा, प्रौढ माणसाला रात्री सात तास तरी लागतात, त्याची भरपाई ध्यानाने होत नाही.

८. तोच तो विचार असेल तर

ही सगळ्यात अवघड तपासणी, कारण इथे टेक्निकचा संबंध संपत येतो. पहिलं काम, गोष्ट सोडून शरीरात या. तो प्रसंग आठवला की अंगात कुठे काय होतं, छातीत दाटतं, पोटात पीळ पडतो, कानशिलं तापतात? तिथे लक्ष ठेवा, श्वास चालू, आणि भावनेचं नाव घ्या, राग, लाज, भीती, वाईट वाटणं. बऱ्याचदा वरवर राग दिसतो आणि थोडं थांबलं की खाली दुखावलेपण सापडतं. ते सापडलं की डायलॉग आपोआप विरळ होतात, कारण ती सगळी उत्तरं त्याच दुखण्यावर पांघरूण घालत होती.

दुसरं काम बैठकीच्या बाहेरचं आहे. रोज वर येणारी गोष्ट खरंच काही करायला सांगतेय का ते बघा. माफी मागायची राहिलीय, कुणाला स्पष्ट नाही म्हणायचंय, डॉक्टरांना दाखवायला टाळताय, हिशोब मिटवायचाय. असं असेल तर ते करून टाका. एक गृहस्थ कित्येक महिने भावाशी मनातल्या मनात वाद घालत बसायचे, सगळे उपाय झाले, शेवटी त्यांनी भावाला फोन केला. सगळं मिटलं असं नाही, पण बैठकीतला तो वाद थांबला.

बाकी वेळेचं एक, वीस मिनिटं बसून सतरा मिनिटं झगडत असाल तर दहावर या. रोज दहा मिनिटं चांगली, आठवड्यातून एकदा तासभर बसण्यापेक्षा.

थांबायचं कधी आणि कुणाकडे जायचं

खालचं काही होत असेल तर घरगुती उपाय बंद करा आणि ध्यानही सध्या थांबवा. "अजून बस, निघून जाईल" असं कुणीही सांगितलं, अगदी गुरूंनी सांगितलं तरी ऐकू नका.

बसल्यावर जुना आघात डोळ्यांसमोर परत घडल्यासारखा येतो. आपण खरे नाही किंवा आजूबाजूचं जग खोटं आहे असं वाटतं आणि ते उठल्यावरही जात नाही. कुणी नसताना आवाज ऐकू येतात. काही रात्री झोप नाही तरी अंगात प्रचंड उत्साह आहे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ उदास आहात, कशातच मन लागत नाही. नको ते विचार येतात आणि ते घालवायला तीच कृती पुन्हा पुन्हा करावी लागते. यातल्या कशासाठीही मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. जीव द्यावासा वाटणं, स्वतःला इजा करावीशी वाटणं यात मात्र अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, त्याच क्षणी जवळच्या माणसाला सांगा, एकटं राहू नका आणि इमर्जन्सीत जा.

ध्यानातच नाही तर वाचताना, बोलताना, काम करताना सगळीकडे लहानपणापासून लक्ष टिकत नसेल तर एडीएचडीची, म्हणजे लक्ष टिकवणं अवघड करणाऱ्या विकाराची तपासणी करून घ्या, त्यावर उपचार आहेत आणि ती तुमची इच्छाशक्ती कमी असल्याची खूण नाही. सात-आठ तास झोपूनही दिवसा पेंग येते आणि रात्री घोरता, तर झोपेत श्वास अडकतोय का ते तपासा. धडधड, हात थरथरणं, वजन उतरणं याबरोबर अस्वस्थता असेल तर थायरॉईड. पूर्वी बायपोलर (मनःस्थिती टोकाच्या उत्साहाकडे आणि उदासीकडे झुकणं) किंवा सायकोसिसचा (भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटणं) त्रास झालेला असेल तर दिवसभर मौन असलेल्या लांब शिबिराला डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नका, आणि ध्यान सुरू केलं म्हणून चालू औषध मनाने बंद करू नका.

बैठकीत अचानक भीती उसळली तर लगेच डोळे उघडा, तळपाय जमिनीवर दाबा, समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या, उठून थोडं चाला, कुणाशी तरी बोला. डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर लिहून न्या: कुठली पद्धत करत होता, रोज किती वेळ, त्रास कधी सुरू झाला, उठल्यावर किती वेळ राहतो, झोप किती होते, कुठली औषधं चालू आहेत. ध्यानाचा उल्लेख संकोचाने टाळू नका, त्यांना तो माहीत असायला हवा.